जलोदराचा रोगी आणि आपले डोळे

शास्त्रपाठ : लूक १४:१–६



लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायाच्या आरंभी एक जेवणावळ आहे. दिवस शब्बाथाचा आहे. परूश्यांपैकी एका प्रमुखाच्या घरी प्रभू येशू भोजनास गेला आहे. पंगतीतल्या साऱ्यांचे डोळे त्याच्यावर खिळलेले आहेत, कारण हा आज काय चुकतो ते त्यांना पाहायचे आहे. आणि नेमका त्याच वेळी त्याच्या समोर एक मनुष्य आहे, ज्याच्या अंगात पाणी साठले आहे. आपल्या मराठी शास्त्रात ह्या रोगाला जलोदर म्हटले आहे.

हा मनुष्य तेथे कसा आला हे लूक सांगत नाही. प्रभूला पेचात धरण्यासाठी त्याला मुद्दाम आणले होते, की तो बिचारा आपण होऊनच आला होता, हे आपल्याला कळत नाही. त्याचे नाव दिलेले नाही, गाव दिलेले नाही. तो एक शब्दही बोलत नाही. येतो, बरा होतो आणि निघून जातो. नव्या करारात ह्या रोगाचा उल्लेख ह्या एकाच ठिकाणी आहे आणि तो लूकने केला आहे. कलस्सैकरांस पत्र लिहिताना पौलाने ज्याचा वैद्य म्हणून प्रेमाने उल्लेख केला, तोच हा लूक. त्याने वापरलेला ग्रीक शब्द शरीरात पाणी धरण्याच्या एकंदर विकाराचा आहे. ते पाणी पायांत असेल, पोटात असेल किंवा सर्वांगात असेल. आपल्याकडे तो रोग जलोदर, म्हणजे उदरात साठलेले जल, ह्या नावाने ओळखला जातो.

ह्या वचनांवर मी आजवर तीन-चार वेळा उपदेश केला असेन. प्रत्येक वेळी शब्बाथाविषयी बोललो, परूश्यांच्या ढोंगाविषयी बोललो. त्या रोग्याविषयी कधी बोललो नाही. आज बोलणार आहे, आणि आधी एक कबुली देणार आहे.

(१) त्यांनी टपून पाहिले

बेळगावकडील सीमाभागात, एका तालुक्याच्या गावी मी सेवेत होतो. तेथील मंडळीत एक काका होते. नाव सांगत नाही. उपासनेत पेटी वाजवण्याचे काम त्यांच्याकडे पुष्कळ वर्षे होते. सतरंजीवर मांडी घालून, पेटी पुढ्यात ओढून घेऊन ते बसत. स्वभावाने अबोल. मंडळीच्या सभेत कधी वाद नाही, कधी मानाची अपेक्षा नाही.

एका पावसाळ्यात माझ्या ध्यानात आले की काकांचे पोट सुटू लागले आहे. आम्ही थट्टा केली, “काका, काकूंच्या हातचे अंगी लागते आहे बरे!” काका हसले. दिवाळीच्या सुमारास हात काटक्यांसारखे झाले, गाल बसले आणि पोट मात्र पुढे आले. मग थट्टा थांबली व कुजबूज सुरू झाली. आपल्याकडे पोटात पाणी झाले म्हटले की पुढचा शब्द ठरलेला असतो, दारू. “चोरून घेत असतील,” कोणी म्हणाले. “शांत माणसेच अशी असतात,” दुसरे कोणी म्हणाले.

मी त्या कुजबुजीला आवर घातला नाही. उलट पुढच्याच महिन्यात व्यसनमुक्तीवर उपदेश केला, आणि तो करताना माझी नजर दोन-तीन वेळा पेटीकडे गेली. मंडळीने ती नजर पाहिली. काकांनीही पाहिली. त्यानंतरचे पाच रविवार ते आले नाहीत. अपराधी मन येत नाही, असा अर्थ मी लावला.

शेवटी घरभेटीस गेलो तेव्हा काकूंनी मला ओसरीवरच थांबवले आणि हळू आवाजात म्हटले, “पाळकसाहेब, ह्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. तुमच्यापुढे बसवत नाही म्हणून येत नाहीत.”

प्रियांनो, त्या परूश्याच्या घरच्या पंगतीत मी कोठे बसलो होतो, हे मला त्या ओसरीवर कळले. पाहणारे पुष्कळ होते. मीही पाहत होतो. पण टपून पाहणे वेगळे आणि ओळखणे वेगळे.

(२) प्रभूने रोग्याला पाहिले

पंगतीतल्या लोकांची दृष्टी येशूवर होती. येशूची दृष्टी रोग्यावर होती. हा फरक लहान नाही. ज्याला बरे करायचे असते तो मनुष्याकडे नीट पाहतो. म्हणून आपणही पाहण्यास शिकले पाहिजे. पुढे ज्या डॉक्टरीणबाईंनी काकांवर उपचार केले, त्यांच्यापाशी बसून मी जे शिकलो ते साध्या शब्दांत सांगतो. मी वैद्य नाही आणि निदान करणे हे आपले कामही नाही. वेळेवर ओळखून दवाखान्याची वाट दाखवणे, एवढे मात्र आपले काम आहे.

निरोगी पोटातही आतड्यांना वंगण म्हणून अगदी थोडे पाणी असते. ते वाढू लागले तरी आरंभी काही कळत नाही. सोनोग्राफीत शंभर मिलिलिटर एवढे पाणीही दिसू शकते. परंतु डॉक्टरांनी बोटांनी पोट ठोकून, कुशीवर वळवून पुन्हा ठोकून आवाजातला फरक ओळखायचा, तर सुमारे दीड लिटर साठलेले असावे लागते. तेव्हा वरून पाहून आपल्या डोळ्यांना शंका येते, त्या वेळी पाणी काही थोडे नसते.

चरबीने सुटलेले पोट वर्षानुवर्षे वाढते आणि त्याबरोबर मान, दंड, मांड्याही भरतात. वायूने फुगलेले पोट सकाळी कमी असते, संध्याकाळी वाढते आणि पुन्हा उतरते. पाण्याने भरलेले पोट काही आठवड्यांत वाढते आणि उतरत नाही. परकराची किंवा लेंग्याची नाडी दर पंधरवड्याला सैल करावी लागते. पोटाची कातडी ताणून चकाकते, बेंबी बाहेर येते, उताणे निजले की दोन्ही कुशी फुगतात. वजनाचा काटा वर जातो, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पण चेहरा आणि दंड मात्र वाळत जातात. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते. उताणे निजले की दम लागतो, म्हणून माणूस उशीवर उशी ठेवतो. संध्याकाळी घोटे सुजतात आणि बोटाने दाबले तर खळगा राहतो. यकृत बिघडले असल्यास डोळे पिवळे दिसतात.

हे सारे ऐकल्यावर मला काकांची पेटी आठवली. पूर्वी ती त्यांच्या गुडघ्यांना टेकलेली असे. त्या पावसाळ्यापासून ती वीतभर पुढे सरकली, मग हातभर. शेवटी शेवटी काका हात लांब करून वाजवीत होते आणि दोन कडव्यांच्या मध्ये त्यांना धाप लागे. दर रविवारी हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. मी पोट पाहिले, पेटी पाहिली नाही.

आणखी काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर उद्याची वाट पाहायची नाही, त्याच घटकेस रुग्णालय गाठायचे. पोटात पाणी असलेल्या रोग्यास ताप येणे किंवा पोट दुखू लागणे, कारण त्या पाण्यात जंतू वाढले तर थोड्या वेळात जिवावर बेतते. बोलण्यात विसंगती येणे, दिवसा झोप आणि रात्री जाग असा उलटा क्रम होणे, हात थरथरणे, कारण बिघडलेल्या यकृताचे विष मेंदूपर्यंत पोहोचू लागलेले असते. रक्ताची उलटी होणे, डांबरासारखा काळा शौच होणे. लघवी फारच कमी होणे. ह्या वेळी “झोप नीट झाली नसेल” असे म्हणून कोणी थांबू नये.

(३) प्रभूने दोष विचारला नाही

लूक स्वतः वैद्य असून त्याने रोगाचे नाव लिहिले, पण रोगाचे कारण लिहिले नाही. हृदय दुर्बळ होते, यकृत बिघडले होते की मूत्रपिंडे, हे आपल्याला ठाऊक नाही. त्या काळी ग्रीक व रोमी लोकांत ह्या रोगाची उपमा लोभी माणसाला देत असत. जितके प्यावे तितकी तहान वाढते, तसा लोभ, असे ते म्हणत. पंगतीत बसलेल्यांच्या मनातही कदाचित असेच काही असेल. परंतु प्रभूने त्या मनुष्याला, तू काय केलेस, असे विचारले नाही. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी कोणाचे पाप म्हणून विचारले, तेव्हाही त्याने तो प्रश्न स्वीकारला नाही.

आता खरे पाहिले तर पोटात पाणी होण्याची कारणे अनेक आहेत. पुष्कळदा यकृत आतून कठीण व गाठीगाठींचे झालेले असते. आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या रक्ताला मग वाट मिळत नाही. पाटाला मध्ये बांध पडला की पाणी मागे चढते व कडेने झिरपते, तसे होते. त्यातच मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू लागतात आणि मिठाबरोबर पाणीही अंगात राहते. यकृताची ही दशा दारूने होते, हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु ती कावीळ ब आणि कावीळ क ह्यांच्या विषाणूंनीही होते, तसेच मधुमेह व लठ्ठपणा ह्यांबरोबर यकृतात साठणाऱ्या चरबीनेही होते. यकृत चांगले असतानाही पोटाच्या आवरणाला क्षयरोग झाल्याने पाणी होते. बीजाशयाच्या किंवा पोटातील अन्य कर्करोगाने होते. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या आजाराने होते.

ह्या कारणांची यादी मी मुद्दाम देत आहे, कारण आपली जीभ एकच कारण जाणते. एखाद्या अविवाहित मुलीचे पोट दिसू लागले की जीभ कोणीकडे धावते, हे का मी सांगावे? ती मुलगी क्षयाने आजारी असू शकते. बारीक ताप, भूक मंदावणे, अंग वाळणे आणि पोटात पाणी, अशी तिची लक्षणे असतात. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि साधारण सहा महिने नेमाने घेतली तर रोगी बरा होतो. लोकांच्या तोंडाला भिऊन घरच्यांनी तिला लपवून ठेवले, तर तिला रोग मारील की आपली जीभ, हे आपणच ठरवावे. तसेच पन्नाशीपुढच्या मावशी किंवा आजी “हल्ली पोट फुगते, जेवण जात नाही” असे म्हणू लागल्या, तर तो पित्ताचा त्रास म्हणून सोडून देऊ नये. बीजाशयाचा कर्करोग पुष्कळदा ह्याच शब्दांत बोलतो.

काकांना कावीळ क होती. १९८४ साली त्यांच्या पायाचे हाड मोडून मोठी शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या वेळी त्यांना दोन बाटल्या रक्त चढवले होते. त्या विषाणूचा शोधच मुळी १९८९ साली लागला. तेव्हा १९८४ साली रक्तात तो आहे की नाही हे कोण तपासणार? ज्या रक्ताने त्यांचा जीव वाचला त्याच रक्ताबरोबर तो विषाणू आत गेला आणि तीन दशकांहून अधिक काळ निमूटपणे यकृत पोखरीत राहिला. आणि आम्ही मंडळीत बसून त्यांच्या न प्यालेल्या दारूचे माप काढीत होतो.

कोणी विचारील, काका खरोखरच पीत असते तर? तर तुमचा उपदेश योग्य ठरला असता काय? बंधूंनो, नाही. दारूने ज्याचे यकृत गेले त्याने दारू कायमची सोडलीच पाहिजे, आणि सोडल्यास पुष्कळांचे यकृत काही अंशी सावरते. परंतु ती सोडण्यास त्याला सोबती लागतो, उपचार लागतात. व्यासपीठावरून रोखलेली नजर लागत नाही. विहिरीत पडलेल्याला आधी बाहेर काढावे. तो कठड्यावर का बसला होता, हे मागाहून विचारता येते.

(४) प्रभू सूर्यास्तापर्यंत थांबला नाही

जलोदर हा त्या दिवशी त्या घटकेस प्राण घेणारा रोग नव्हता. सूर्य मावळला की शब्बाथ संपला असता. चार-सहा तास थांबून त्याला बरे केले असते तर कोणीही बोट ठेवले नसते. तेराव्या अध्यायातील सभास्थानाच्या अधिकाऱ्याचे म्हणणे हेच तर होते, की कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी या. पण प्रभू थांबला नाही.

आपले मात्र शब्बाथ पुष्कळ आहेत. सुगी झाल्यावर दाखवू. नाताळ होऊन जाऊ दे. काकांच्या घरी मुलीचे लग्न होते. “एवढे मे महिन्यातले लग्न उरकले की जातो,” असे ते म्हणत, आणि खेदाने सांगतो, “बरे आहे,” असे मीही म्हणालो. पाच महिने असे गेले. डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “पाळकसाहेब, लग्नाच्या आधी आला असतात तर माझ्या हातात अधिक काही असते.”

आणखी एक शब्बाथ आहे, त्याविषयी बोलण्यास मन कचरते, पण बोलले पाहिजे. विश्वासाने बरे व्हायचे तर दवाखान्यात जाणे म्हणजे अविश्वास, अशी शिकवण काही प्रार्थनासभांतून कानी येते. काकूंनाही कोणी तसे सांगितले होते. प्रियांनो, प्रार्थना करावी, वडिलांना बोलावून करावी, अश्रूंनी करावी. परंतु ज्या देवाकडे आपण मागतो त्यानेच वैद्याला बुद्धी दिली आणि ज्याने शुभवर्तमान लिहिले तो स्वतः वैद्य होता, हे विसरू नये. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी मिरजेस रुग्णालय उभारले, तेव्हा त्यांनी प्रार्थना आणि शस्त्रक्रिया ह्यांत वैर पाहिले नाही. आपल्या कितीतरी जुन्या आवारांत मंदिर आणि दवाखाना एकाच फाटकातून आत गेल्यावर लागतात. आपल्या वाडवडिलांनी दोन्हींची वाट एकच ठेवली होती.

(५) त्याने धरले, बरे केले आणि पाठवले

लूक तीन क्रिया सांगतो. प्रभूने त्याला हाती धरले, बरे केले आणि जाऊ दिले. दुसरी क्रिया प्रभूची आहे. पहिली आणि तिसरी आपल्यालाही करता येते.

धरणे म्हणजे सोबत जाणे. रोग्याला एकट्याला पाठवू नका. पोटातले पाणी सुईने काढून तपासतात, ह्याची लोकांना फार धास्ती असते. “एकदा पाणी काढले की माणूस वाचत नाही,” असे म्हणतात. हे खरे नाही. तपासणीसाठी थोडेसेच पाणी घेतात, जागा बधिर करून घेतात, आणि ते यकृतामुळे झाले, क्षयामुळे की कर्करोगामुळे, त्यात जंतू आहेत काय, ह्याचा उलगडा बहुतेक त्यावरूनच होतो. पोट फार ताणलेले असेल तर अधिक पाणी काढून रोग्यास श्वास मोकळा करतात. पाच लिटरांहून अधिक काढल्यास शिरेतून अल्ब्युमिन देतात, नाहीतर रक्तदाब व मूत्रपिंडे ढासळतात. ही रीत काही परकी नव्हे. सुश्रुतसंहितेतही पोटातील पाणी नळीने काढावे, मात्र सर्व एकाच दिवशी काढू नये, असे सांगितले आहे.

घरी सांभाळणे हेही धरणेच आहे. लोकांचा समज असा की पोटात पाणी झाले तर पाणी पिणे बंद करावे. पण ते प्यालेले पाणी नव्हे. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून रोग्याला तहानेलेला ठेवू नये. आवरायचे असते ते मीठ. दिवसभराच्या सर्व अन्नात मिळून चहाच्या एका लहान चमच्याएवढेच, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम. आणि मीठ काही केवळ भाजीत नसते. गोव्याकडचे सुके बांगडे, हैदराबादकडचे लोणचे, इंदूरची शेव, पापड, फरसाण, बेकरीचे जिन्नस ह्यांत ते दडलेले असते. सैंधव हेही मीठच आहे. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यातील पोटॅशियम काही गोळ्यांबरोबर घातक ठरते. डाळ, अंडी, दूध ह्यांना तोडू नये. रोगी आधीच झिजलेला असतो, त्याला उपास घडवू नये. रात्री निजण्यापूर्वी थोडे खायला द्यावे. अंगदुखीवर दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या आणून देऊ नयेत, कारण त्या मूत्रपिंडांवर घाव घालतात. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. ती वही पाहून डॉक्टरांना गोळ्यांचे प्रमाण ठरवणे सोपे जाते.

आणि हा रोग होऊ नये म्हणूनही काही करता येते. नवजात बाळाला पहिल्या चोवीस तासांत कावीळ बची लस द्यावी. जुलै २०१८ पासून शासनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कावीळ ब आणि क ह्यांची तपासणी व औषधे मोफत दिली जातात. कावीळ क तर आता बहुतेकांत काही महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्णपणे जाते. ज्यांना पूर्वी रक्त चढवले आहे, ज्यांच्या घरात कोणाला ही कावीळ झाली आहे, त्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावे. आपल्या महिला मंडळाने व तरुण संघाने एखाद्या रविवारी उपासनेनंतर सर्वांना घेऊन जावे. वनभोजनाइतकेच हेही मंडळीचे काम आहे.

तिसरी क्रिया, प्रभूने त्याला जाऊ दिले. त्याने त्या मनुष्याला साक्ष देण्यासाठी पंगतीत उभे केले नाही, शास्त्रार्थाच्या वादात पुरावा म्हणून धरून ठेवले नाही. त्याला घरी जाऊ दिले आणि मग बाकीच्यांना प्रश्न विचारला. आपणही रोग्याचा बोभाटा करू नये. प्रार्थनेच्या नावाखाली कोणाच्या आजाराची चर्चा घरोघर नेऊ नये.

काका पुढे अडीच वर्षे जगले. गोळ्यांनी विषाणू गेला, पण यकृताची हानी फार पुढे गेली होती. त्यातली बरीच वर्षे मी त्यांच्यापासून हिरावून घेतली काय, हा प्रश्न माझ्याबरोबर आहे आणि राहील. एकदा त्यांच्या खाटेजवळ बसून मी क्षमा मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ते जाऊ द्या, पाळकसाहेब. पेटीचा भाता फाटला आहे. हवा गळते. तेवढी दुरुस्त करून घ्या.” पुढे पोट उतरल्यावर ते सात-आठ महिने पुन्हा पेटीवर बसले. पेटी त्यांच्या गुडघ्यांना टेकलेली होती. मी दर रविवारी आधी तेच पाहत असे.

प्रभूने त्या पंगतीत विचारलेला प्रश्न असा होता, की तुमच्यापैकी कोणाचा बैल विहिरीत पडला तर तो शब्बाथ म्हणून थांबेल काय? त्यांना उत्तर देता आले नाही. विहिरीत पडलेला बैल हंबरतो, म्हणून गाव धावते. ज्याच्या पोटातच पाणी भरले आहे तो हंबरत नाही. तो नाडी सैल करतो, उशी उंच करतो, मागच्या बाकावर सरकतो आणि एके रविवारी येईनासा होतो. येत्या रविवारी, बंधुभगिनींनो, मंदिरात शिरताना एकदा आपल्या मंडळीकडे पाहा. कोण आले नाही ते पाहा. आणि उपासना संपल्यावर त्याच दिवशी त्याच्या घरी जा.

प्रार्थना

हे दयाळू प्रभो, आमच्या डोळ्यांतील न्यायाधीश काढून टाक. ज्यांच्या देहात आज पाणी साठत आहे आणि जे भीतीने वा लाजेने लपून बसले आहेत, त्यांच्या दारी आम्हांला ने. वैद्यांच्या व परिचारिकांच्या हातांना बळ दे. आम्ही ज्यांच्याविषयी खोटे बोललो, त्यांच्यापुढे जाऊन क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.